ऑपरेशन एका दिवसाचं, सेवा दीड महिन्याची

 घरात स्वयंपाक करता करता, कारखान्यात कांडीच्या मशीनजवळ, गोदामात पॅकिंगच्या टेबलाशी रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताई, काकू, आपा आणि आजींना भिवंडीतल्या आमच्या बचत गटाचा नमस्कार.

दर वेळी आम्ही बँकेचं कर्ज, वहीचा हिशोब, शिवणकामाच्या ऑर्डरी अशा विषयांवर बोलतो. आज एका कुत्र्याविषयी बोलणार आहोत. हसू नका. या कुत्र्यानं आमच्या गटात भांडण लावलं, आम्हाला नवं काम शिकवलं आणि शेवटी आमच्याच एका मैत्रिणीकडे बघायला लावलं.

आमच्या गटात आम्ही १४ जणी आहोत. महिन्याला ३०० रुपये बचत. लूमच्या चिंध्यांपासून आम्ही गोधड्या, पायपुसणी आणि पिशव्या शिवतो. आमच्यातली एक ताई कारखान्यात कांड्या भरते. तिच्या घरी मोती नावाचा पांढरा, झुपकेदार शेपटीचा कुत्रा आहे. जात स्पिट्झ, आपल्याकडे सरसकट पॉमेरियन म्हणतात तो. वय सहा वर्षं. तिला गटात सगळ्या मोतीची आई म्हणतात, म्हणून आम्हीही इथं तेच म्हणू.

गेल्या पावसाळ्यात, आषाढी एकादशी होऊन गेल्यावरची गोष्ट. दोन दिवस मोती गप्प होता. खाटेवर उडी मारत नव्हता. उचलायला गेलं की केकाटायचा. पाठ कमानीसारखी वर काढून कोपऱ्यात उभा राहायचा. घरच्यांना वाटलं, पोट बिघडलं असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुढच्या दोन पायांवर सरकत आला. मागचे दोन्ही पाय फडक्यासारखे मागे ओढले जात होते.

मग चाळीत जे होतं तेच झालं. कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं विषारी काही खाल्लं. कुणीतरी तिळाचं तेल गरम करून आणलं आणि तासभर पाठ चोळली. एकानं माणसाची दुखण्याची गोळी आणली, अर्धी करून देऊ म्हणाला. नववीतल्या मुलीनं ती हिसकावून घेतली. आधी डॉक्टरला विचारू, म्हणाली. त्या पोरीनं मोतीला वाचवलं असं आम्ही म्हणतो. आपल्या घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधं कुत्र्याच्या लिव्हरला, किडनीला, पोटाला घातक ठरतात. अर्धी गोळीही स्वतःच्या मनानं द्यायची नाही. आणि मणक्याचं दुखणं असेल तर चोळायचं मुळीच नाही. आत दाब पडलेला असतो, वरून चोळून तो वाढू शकतो. तेल चोळणाऱ्यांमध्ये आमच्यातल्याही दोघी होत्या. माया होती, पण चूक ती चूकच.

दवाखान्यात न्यायला संध्याकाळ झाली. अशा कुत्र्याला कडेवर घ्यायचं नसतं, बगलेत धरून लोंबकळत ठेवायचं नसतं. प्लायवूडची फळी घेतली, वर गोधडी घातली, मोतीला हळूच सरकवून आडवं केलं आणि ओढणीनं सैल बांधलं. रिक्षात दोघींनी फळी मांडीवर धरली.

प्राण्यांच्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, रेबीजची लस दिली आहे का? लसीचं कार्ड घरात होतं म्हणून बरं. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. रेबीज झालेलं प्रत्येक कुत्रं चवताळतंच असं नाही. काही वेळा ते गळून जातं, पाय लुळे पडतात, जबडा लोंबतो. म्हणून लस न घेतलेल्या कुत्र्याचे पाय अचानक गेले, तर त्याच्या तोंडात हात घालू नका, लाळ अंगाला लागू देऊ नका, डॉक्टरांना आधी सांगा. तसं कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.

मग डॉक्टरांनी मोतीच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यानं दाबलं. मोतीनं मान वळवून चिमट्याकडे बघितलं आणि कण्हला. डॉक्टर म्हणाले, आशा आहे. आम्हाला कळेना, केकाटला त्यात आशा कसली. त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगतो.

पाठीच्या दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, तिला चकती म्हणतात. बाहेरून चिवट, आतून मऊ. आपला उकडीचा मोदक डोळ्यांपुढे आणा. डॅशहुंड, पग, पॉमेरियन अशा लहान चणीच्या काही कुत्र्यांत ही चकती लवकर कडक होते. मग साध्या उडीनंही मोदकाची पारी फुटते आणि सारण बाहेर येतं. चकतीच्या वरच्या बाजूनं मज्जारज्जू गेलेला असतो, मेंदूचा निरोप पायापर्यंत नेणारा. त्यावर सारण दाबलं की निरोप थांबतो. पाय जातात, पुष्कळदा लघवीवरचा ताबाही जातो. बोट दाबल्यावर पाय आखडला एवढ्यानं भागत नाही, कारण पाय आपोआपही आखडतो. कुत्र्यानं वळून बघितलं, कण्हलं, म्हणजे दुखणं मेंदूपर्यंत पोचलं. ती जाणीव शिल्लक असताना ऑपरेशन झालं तर दहांतले साधारण नऊ कुत्रे पुन्हा चालतात. जाणीव गेली असेल तर निम्मेच. त्यातही उशीर नको. ज्यांची दुखापत सौम्य आहे, जे लडखडत का होईना चालतात, त्यांतले बरेचसे पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती आणि औषधं यांवरही बरे होतात. कुणाला काय लागेल ते डॉक्टरच ठरवतात. मोतीला ऑपरेशन लागणार होतं.

भिवंडीहून मुंबई काही दूर नाही. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं जुनं रुग्णालय आहे, तिथंच १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं मोठं रुग्णालय उघडलं. काही खाजगी दवाखानेही आहेत. मणक्याचं ऑपरेशन सगळीकडे होत नाही, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारायचं आणि आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्यायची. साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. त्यामुळे एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो. तपासणी, ऑपरेशन, औषधं मिळून मोतीच्या आईला ४५,००० रुपयांचा अंदाज मिळाला. तिच्याजवळ १५,००० होते. भाऊ १०,००० देणार होता. उरलेले २०,००० तिनं गटाकडे अंतर्गत कर्ज म्हणून मागितले.

रात्री नऊ वाजता तातडीची बैठक बोलावली. बाहेर पाऊस, आत आम्ही सगळ्या गोधड्यांच्या ढिगाऱ्यात. आमच्यातल्या एका वहिनीनं सरळ विरोध केला. म्हणाली, "कुत्र्यासाठी वीस हजार? माझी सासू लकव्यानं आठ महिने अंथरुणाला आहे. डायपरच्या पैशासाठी मी कधी गटापुढे हात पसरला का?" दुसरी म्हणाली, "पोरीची फी थकली म्हणून मी कर्ज मागितलं, तेव्हा तुम्ही दोन महिने थांबायला सांगितलंत." तिसरी म्हणाली, "लग्नात डीजे लावायला कर्ज दिलं तेव्हा कुणी काही बोललं नाही." आवाज चढले. मोतीची आई काही बोलली नाही. पासबुक पुढे ठेवून बसली.

गटाची वही आमच्याकडे असते, म्हणून निर्णयाला वाट काढणं आमचं काम. आम्ही नियम वाचून दाखवला. कर्ज मागणारीची बचत नियमित आहे का, बैठकीला हजेरी आहे का, आधीची परतफेड झाली आहे का, पुढचे हप्ते झेपतील का. कारण काय हवं नि काय नको, याची यादी आमच्या नियमात नव्हती. सात वर्षांत तिचा एक हप्ता चुकलेला नव्हता. हात वर करून मतं घेतली. मोतीच्या आईनं मत दिलं नाही. आठ बाजूनं, पाच विरुद्ध. शेकडा २ रुपये व्याजानं, १० हप्त्यांत फेडायचं ठरलं. वहिनी सही करून उठली आणि चहा न घेता गेली.

दुसऱ्याच दिवशी मुंबईत ऑपरेशन झालं. चार दिवसांनी मोती घरी आला. पाठीवरचे केस काढलेले, टाक्यांची लांब रेघ, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. आणि मागचे पाय तसेच लुळे. आम्हाला वाटलं होतं, ऑपरेशन झालं की कुत्रं चालत येईल. डॉक्टरांनी हातात एक कागद दिला होता. दिवसातून तीन-चार वेळा लघवी दाबून काढणं. दर चार तासांनी कूस बदलणं. दिवसातून तीन वेळा व्यायाम. सहा आठवडे पिंजरा. उडी नाही, जिना नाही, मोकळं सोडणं नाही.

मोतीची आई कांड्या भरते, म्हणजे जितकं काम तितका पैसा. सहा आठवडे खाडा केला तर हप्ता कुठून देणार? नवरा लूमवर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मुलीची शाळा. कागद वाचून ती म्हणाली, "ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. आता हे सगळं माझ्या एकटीवर." तेव्हा आमच्यातल्या एकीनं सुचवलं, लूमला जशा पाळ्या असतात तशा लावू. शंभर पानी वही घेतली, रेघा मारल्या. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री अकरा. सकाळ आणि रात्र घरच्यांची. दुपार आणि संध्याकाळ आम्हा सहा जणींची, वाटून. आमच्यातल्या एका आपाच्या घरी कुत्रं शिवत नाहीत. ती म्हणाली, मी हात लावणार नाही, पण शिवणकाम माझ्याकडे द्या. पुढे जे जे शिवलं ते सगळं तिनं शिवलं.

आता काम कसं केलं ते सांगतो. कुणाच्या घरी वेळ आली तर उपयोगी पडेल. मात्र प्रत्येक गोष्ट आधी डॉक्टरांकडून हात धरून शिकून घ्यायची, आमचं ऐकून परस्पर करायची नाही.

पहिलं आणि सगळ्यात मोठं काम लघवीचं. पायांपेक्षा याची काळजी जास्त. मूत्राशय भरलेलं राहिलं तर ते ताणून निकामी होतं, जंतुसंसर्ग होतो, तो किडनीपर्यंत जातो. कुत्रा आडवा किंवा आधार देऊन उभा ठेवायचा. मागच्या मांड्यांच्या जरा पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवायचे. आत पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं लागतं. बोटं रुतवायची नाहीत, धक्का द्यायचा नाही. तळव्यांनी हळूहळू, सारखा दाब शेपटीच्या दिशेनं द्यायचा. धार लागते. फुगा लिंबाएवढा होईपर्यंत थांबायचं नाही, पण जोरही करायचा नाही, जास्त जोरानं मूत्राशयाला इजा होते. नाही जमलं तर दवाखाना गाठायचा. आम्हाला पहिले दोन दिवस जमलंच नाही. तिसऱ्या दिवशी एकीला जमलं, तिनं बाकीच्यांचे हात धरून शिकवलं.

इथं एक फसगत होते. अंथरूण ओलं दिसलं की वाटतं, चला, लघवी झाली. तसं नसतं. भरलेल्या माठातून जसं पाणी वरून ओघळतं, तसं ते ओघळलेलं असतं. आत माठ भरलेलाच. आम्ही नवव्या दिवशी असेच फसलो. दुपारची पाळी असलेलीनं ओलं फडकं बघितलं आणि दाबलंच नाही. दोन दिवसांनी लघवीला घाण वास, रंग गढूळ, थोडं रक्त. जंतुसंसर्ग झाला होता. औषध लागलं, खर्च वाढला. त्या दिवसापासून वहीत आम्ही नुसती खूण न करता लिहायला लागलो. किती, रंग कसा, वास कसा.

दुसरं काम अंथरुणाचं. लुळ्या पायांच्या कुत्र्याला हाडांच्या टोकांवर, कमरेच्या बाजूला जखमा होतात. खाली जाड, मऊ आणि कोरडं हवं. चिंध्या भरून आपानं चार लहान गाद्या शिवल्या, वर काढून धुता येतील अशा खोळी. आषाढ-श्रावणात खोळी वाळेनात. मग कारखान्यात, जिथं मशीनची गरम हवा असते, तिथं मोतीच्या आईनं शेठला विचारून दोरी बांधली. पिंजरा गोदामातल्या लाकडी पॅलेटच्या फळ्यांचा केला, खिळे ठोकून बसवले, फळ्या घासून घेतल्या. माप एवढंच, की कुत्र्याला उभं राहता येईल, वळता येईल, पसरून झोपता येईल. धावता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी मोतीच्या कमरेवर लाल चट्टा दिसला. आम्ही घाबरलो. आणि दारात वहिनी उभी. कोण बोलावलं माहीत नाही. ती खाली बसली, चट्टा बघितला. म्हणाली, "नुसती कूस बदलून भागत नाही. दोन पायांच्या मध्ये मऊ घडी ठेवा. ओलं असेल तर आधी पुसून कोरडं करा. चट्ट्यावर चोळू नका." आठ महिने सासूचं करून तिच्या हातात जे आलं होतं, ते आमच्यातल्या कुणाला येत नव्हतं. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे. चट्टा चार दिवसांत गेला. वहिनीनं वहीत स्वतःचं नाव घातलं नाही, पण रोज संध्याकाळी एकदा यायची, बघायची आणि जायची.

तिसरं काम टाक्यांचं. भोंगा काढायचा नाही, कितीही दया आली तरी. कुत्रा चाटून टाके उसवतो. जखम लाल झाली, सुजली, पाणी आलं तर लगेच फोन. हळद, तेल, राख काही लावायचं नाही. आमचे टाके बाराव्या दिवशी निघाले.

चौथं काम चालवण्याचं. लूमवरच्या कोऱ्या कापडाचा आपानं रुंद पट्टा शिवला, आत चिंधीची गादी, दोन्ही टोकांना हाताला धरायला पट्ट्या. हा पट्टा पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घ्यायचा आणि मागचं अंग उचलून धरायचं. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, शी-शूपुरतं. गळ्याला पट्टा बांधून ओढायचं नाही, छातीवरून जाणारा पट्टा वापरायचा. आडवा असताना मागच्या पायाचा एकेक सांधा हळू दुमडायचा, हळू सरळ करायचा, दहा-पंधरा वेळा. बोटांच्या मध्ये गुदगुल्या करायच्या, म्हणजे तो पाय ओढायचा प्रयत्न करतो. फरशी गुळगुळीत होती, म्हणून चालायच्या वाटेवर आमचीच पायपुसणी एकाला एक जोडून अंथरली.

पाचवं, खाण्याचं. मोतीचं वजन साडेनऊ किलो होतं. पाव, बिस्किटं, फरसाण, येणाऱ्या-जाणाऱ्यानं दिलेलं सगळं. प्रत्येक जास्तीचा किलो त्या मणक्यावर पडतो. डॉक्टरांनी माप ठरवून दिलं. पिंजऱ्यावर आम्ही पाटी लावली, मला काही देऊ नका.

एवढं करून बारा दिवस झाले, पंधरा झाले. पाय हलेना. संसर्ग त्याच दिवसांत झालेला. एक दिवस मोतीचा बाबा रातपाळीवरून आला आणि म्हणाला, "बास झालं. जनावराला किती छळायचं?" मोतीची आई रात्रभर रडली. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जाणीव आहे ना, मग घाई करू नका, काहींना दोन आठवडे लागतात, काहींना सहा. आम्ही वहीत पुढच्या आठवड्याच्या रेघा मारल्या.

अठराव्या दिवशी मासिक बैठक होती. त्यात मोतीची वही वाचायला घेतली, कुणाची पाळी चुकली ते बघायला. वहिनीनं वही मागितली. पानं उलटून मोजलं. मग शांतपणे म्हणाली, "अठरा दिवसांत या वहीत बहात्तर वेळा कुणी ना कुणी जाऊन कुत्र्याला पाहिलंय. चांगलं केलंत. पण आठ महिन्यांत माझ्या दारात तुम्ही किती वेळा आलात?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर आम्हाला माहीत होतं. पहिल्या आठवड्यात फळं घेऊन गेलो होतो. नंतर आणखी एकदा. तीही दारातूनच विचारपूस. वहिनी बैठकीला उशिरा येते म्हणून दोनदा आम्ही तिला दहा रुपये दंड लावला होता. तो दंड वहीत आमच्याच अक्षरात लिहिलेला होता.

मोतीसाठी आम्ही का धावलो आणि तिच्यासाठी का नाही, याचा आम्ही खूप विचार केला. मोतीचं काम अचानक आलं, कागदावर लिहून आलं. किती वाजता काय करायचं ते ठरलेलं होतं. सासूचं करणं हे सुनेचं कामच, त्यात विचारायचं काय, असं आम्ही धरून चाललो. वहिनीनं मागितलं नाही, कारण मागायची सोयच आम्ही ठेवली नव्हती. कर्जाचा अर्ज गटात होता. दोन तासांच्या मदतीचा अर्ज नव्हता.

त्याच बैठकीत दुसरी वही काढली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार, आमच्यातली एक जण वहिनीच्या सासूबाईंजवळ बसेल. वहिनीनं कुठं जायचं, काय करायचं ते तिनं ठरवावं. पहिल्या मंगळवारी ती बाजारात गेली नाही, माहेरी गेली नाही. गटाच्या खोलीत आली आणि गोधड्यांच्या ढिगावर दोन तास गाढ झोपली. आम्ही मशीन बंद ठेवलं. दंडाचे २० रुपयेही परत केले.

आता मोतीचं सांगतो, तुम्ही वाट बघत असाल. बाविसाव्या दिवशी संध्याकाळच्या पाळीला, पट्टा सैल केल्यावर मोती स्वतःच्या पायांवर उभा राहिला. आम्ही आकडे मोजले. सातपर्यंत. मग बसला. त्यानंतर दोन दिवसांनी लघवीही आपली आपण करायला लागला, तरी आठवडाभर आम्ही हात लावून मूत्राशय रिकामं झालंय का ते तपासत राहिलो. गणपती आले तेव्हा सहा आठवडे पुरे होत होते. आरतीच्या वेळी तो पायपुसण्यांच्या वाटेवरून डुलत डुलत आला.

पूर्ण बरा झाला असं आम्ही म्हणणार नाही. आजही त्याची मागची बाजू डुलते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. खाट खाली उतरवली आहे, उंबऱ्यापाशी फळीचा उतार केला आहे. उडी मारायला मनाई, ती जन्मभर. एका जागची चकती गेली की दुसऱ्या जागची जाऊ शकते, ही भीती राहणारच. पण तो चालतो, स्वतः बाहेर जातो आणि कांडी कारखान्याची सुट्टी झाली की गल्लीच्या तोंडाशी उभा असतो. कर्जाचे सात हप्ते वेळेवर आले, तीन राहिलेत.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुत्रं असेल तर आजच करण्यासारखं थोडं सांगतो. रेबीजची लस आणि कार्ड जागेवर ठेवा. लहान कुत्र्याला लठ्ठ होऊ देऊ नका. खाटेवरून, जिन्यावरून उड्या कमी करा. उचलताना एक हात छातीखाली आणि एक कमरेखाली ठेवा, म्हणजे पाठ सरळ राहते. पाठ कमानीसारखी दिसली, उचलल्यावर केकाटलं, चाल लडखडली, तर दोन दिवस वाट बघू नका. आम्ही बघितली, म्हणून सांगतो.

आणि घरात कुत्रं नसेल, तर आजारी माणूस तरी कुणाच्या तरी घरात आहेच. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत बचत आणि हप्ता लिहून झाला की एक प्रश्न विचारा. कुणाच्या घरी कुणी अंथरुणाला आहे का, आणि त्यांचं कोण करतं? उत्तर बहुतेक एकाच बाईचं नाव येईल. तिला फळं नेऊ नका. एक शंभर पानी वही न्या, रेघा मारा आणि त्यात आपलं नाव घाला.

सासूबाईंची वही अजून चालू आहे. आज मंगळवार आहे, दुपारची पाळी आमची आहे. तेव्हा आता निघतो. नमस्कार.